तेलातल्या शिवल्या

जर्मनीला निघायच्या आधी मावशीला भेटायला गेले, तेव्हा ती पडवीत विळीवर बसून शिवल्या उघडत होती. गर एका शिंपीत राखायचा, दुसरी शिंपी मागे अंगणात फेकायची. मान वर न करता तिने विचारलं, "तिकरं जाऊन नक्की शिकणार काय?"

"शिवल्यांवरच काम आहे," मी म्हणाले.

"तिकरं पण शिवल्या हायत?"

"आहेत. बर्फाच्या समुद्रात. त्यांना जहाजाचं तेल लागलं तर आतून काय होतं, ते बघायचं."

"तेल लागणार कसं?"

"आम्हीच घालणार. टाकीत ठेवून."

मावशीचे हात थांबले. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आम्ही तेलावर शिवल्या परततो, नि तू तेल पाजून शिवल्या मारणार. त्यासाठी तुला इमानानं बोलावतात?"

मीही हसले. तेव्हा दोघींनाही ते खरोखर गमतीचं वाटलं होतं.

ही माझ्या आईची थोरली बहीण. रायगडातल्या एका खाडीच्या तोंडाशी तिचं घर. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. माझे वडील पनवेलला शाळेत शिक्षक, आई सतत आजारी, त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्ट्या मावशीकडे गेल्या. ओहोटी लागली की गावातल्या बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरत आणि मी मावशीच्या पावलावर पाऊल टाकत मागून जाई. उधाणाच्या ओहोटीला लांबवर जायचं, भांगाच्या छोट्या ओहोटीला काठाशीच. शिवली कुठे आहे ते तिला तळपायाला कळायचं. मला कधीच कळलं नाही. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि शिवलीला हृदय असतं हे मी मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं. ती म्हणाली, "असंल. पोट हाय तर हृदय बी असंल."

मी ज्या गावी पीएचडीला गेले ते उत्तर समुद्राच्या काठचं बंदर होतं. सपाट, वाऱ्याचं, विटांच्या घरांचं. समुद्र अडवायला गवताचा उंच बांध होता, त्यावरून लोक सायकली चालवत. बांधावर चढून पहिल्यांदा पलीकडे पाहिलं तेव्हा ओहोटी होती आणि नजर जाईल तिथवर चिखल उघडा पडला होता. त्या चिखलाला तिथे 'वाट' म्हणतात. एका माणसाने मला हात करून सांगितलं, हे आमचं वाट. मला हसू आलं आणि पाठोपाठ घरची इतकी आठवण झाली की मी तशीच उलटी फिरले.

माझा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याची नोकरी दक्षिणेला, बॉबलिंगेनला, गाड्यांचे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत. म्हणजे आमच्यात अख्खा देश. शुक्रवारी दुपारी कुणीतरी एक जण निघायचं, हानोफरला गाडी बदलायची, श्टुटगार्टला एस-बान ही लोकल पकडायची, आणि रविवारी परत तेच. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही एकमेकांना सगळ्यात जास्त प्लॅटफॉर्मवरच पाहिलं असेल.

माझे मार्गदर्शक साठीकडे झुकलेले, उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. जर्मनमध्ये अशा माणसाला डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरबाप. प्रत्येक वाक्य ते "आल्झो", म्हणजे 'तर', म्हणून सुरू करायचे आणि मग इतका वेळ थांबायचे की पुढे काही येणार आहे की नाही याची खात्री नसायची. पण माणूस सज्जन होता. मी आले तेव्हा मला घ्यायला स्वतः स्टेशनवर आले होते, माझी बॅग त्यांनी उचलली होती.

शिवल्या उत्तर ध्रुवाजवळच्या एका खाडीतून आल्या. पाणबुड्यांनी हाताने काढलेल्या, थंड पेट्यांतून विमानाने आणलेल्या. दिसायला आपल्या शिवल्यांपेक्षा मोठ्या, करड्या. त्यांच्यासाठी एक थंड खोली होती, क्यूलराउम. भर उन्हाळ्यातसुद्धा जाड जॅकेट आणि टोपी घालून आत जायचं. रांगेने टाक्या, तळाशी वाळू, हवेचे बुडबुडे. शिवल्या वाळूत गाडून घेत आणि वर फक्त दोन बारीक भोकं दिसत, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. त्यांच्या शिंपांवर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं असतात. पहिल्या आठवड्यात सहज म्हणून एकीची मोजली तर ती माझ्या आईपेक्षा वयाने मोठी निघाली. त्यानंतर मी गंमत म्हणून कुणाची वलयं मोजली नाहीत.

काम कागदावर सोपं होतं. काही टाक्या स्वच्छ ठेवायच्या, काहींत कच्चं तेल सोडायचं. मधून मधून थोड्या शिवल्या काढून त्यांचे तुकडे औषधात घालायचे, मेणात बसवायचे, कागदाहून पातळ काप काढायचे, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मग तेलातल्या निम्म्या शिवल्या स्वच्छ पाण्यात हलवायच्या आणि बघायचं, त्या बऱ्या होतात का.

तेल सोडलं त्या दिवशी खोलीत पेट्रोल पंपासारखा वास भरला. मी टाकीशी उभी होते. एकामागून एक ती भोकं मिटत गेली. सगळ्या शिवल्यांनी शिंपा घट्ट बंद केल्या. पळून जाता येत नाही, कुणाला चावता येत नाही, दार लावून घेणं एवढंच त्या करू शकतात.

"आल्झो," डॉक्टरफाटर माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "त्या वाट बघतील. थंडीत त्यांना फार श्वास लागत नाही. पण उघडावं तर लागतंच."

आणि तसंच झालं. काही दिवस त्या बंद राहिल्या. मग एके सकाळी एका टाकीत एक भोक दिसलं. दुपारपर्यंत बहुतेकींनी तोंडं उघडली होती आणि ते पाणी आत घेत होत्या.

निरोगी शिवलीच्या पचनग्रंथीचा काप फार देखणा दिसतो. जाड भिंतींच्या बारीक नळ्या, आडव्या कापलेल्या, रंग दिल्यावर गुलाबी-जांभळ्या फुलांसारख्या. तेलातल्या शिवल्यांमध्ये त्या नळ्यांच्या भिंती झिजलेल्या होत्या, नळ्या फुगून पोकळ झाल्या होत्या, मधे तपकिरी कण साठले होते आणि रक्तपेशींची गर्दी झाली होती. हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला. रंग चांगला चढला होता, काप फाटला नव्हता, परिणाम दिसत होता. डॉक्टरफाटर वाकून पाहून म्हणाले, "श्यॉन." सुंदर. ते मी संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा.

ते मिस्ड कॉलचे दिवस होते. मावशीला तिच्या पुतण्याने एक मोबाइल घेऊन दिला होता. ती रिंग देऊन ठेवून द्यायची, मग मी कार्डवरचा लांबलचक नंबर फिरवून तिला फोन करायचे. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. त्या वर्षी हिवाळा संपत आला होता, मी बॉबलिंगेनला नवऱ्याकडे होते. रविवारची सकाळ. मी पोह्यांना फोडणी देत होते तर मावशीची रिंग आली. ती थांबली आणि लगेच परत आली. मग तिसऱ्यांदा. नवऱ्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, "आधी फोन कर."

मावशी म्हणाली, "बाय, तुझं तेल आलं गो."

मला काही समजेना. तिने सांगितलं ते असं: खाडीच्या तोंडाशी एक बार्ज खडकावर चढलं होतं. कुणाचं, कुठून आलेलं, गावात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यातलं तेल उधाणाच्या भरतीबरोबर आत आलं आणि ओहोटीला चिखलावर बसलं. तिवरांची खोडं कमरेएवढी काळी झाली होती. पोलीस येऊन गेले, आणखी कुणी साहेब येऊन फोटो काढून गेले.

"आणि शिवल्या?" मी विचारलं.

"वर आल्यात. चिखलाच्या वर येऊन पडल्यात, तोंड उघडून. हात लावला तरी मिटत नायत."

याचा अर्थ मला माहीत होता. शिवली चिखल सोडून वर येते तेव्हा तिच्यात आत रुतून राहण्याची ताकद उरलेली नसते. हे मी वाचलं होतं, टाकीत पाहिलं होतं.

"तू तेच शिकतेस ना," मावशी म्हणाली. "म्हणून तुला इचारते. काय करायचं?"

तिच्या आवाजात घाई नव्हती. गावातल्या नर्सला तापावरचं औषध विचारावं तसं तिने विचारलं होतं. मी म्हणाले, "मी इथे सरांना विचारते. तोवर खाऊ नकोस. आणि विकू पण नकोस."

"बऱ्या होतील ना?"

"विचारून सांगते."

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, "मावशी काय म्हणाल्या?" मी त्याला सांगितलं. तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "पण तुला तर माहीत असेल ना यातलं?" त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. त्याच्या कामात एखादा भाग का तुटला हे कळलं की तो दुरुस्त कसा करायचा हेही कळतं. मी म्हटलं, मला फक्त त्यांना काय होतंय ते माहीत आहे.

सोमवारी मी डॉक्टरफाटरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून मला कॉफी आणून दिली. मग विचारलं, तिथल्या शिवल्यांची जात कोणती. मी सांगितलं. आधीची काही माहिती आहे का, तेल येण्यापूर्वी त्यांच्या ऊती कशा होत्या, किती संख्या होती? मी म्हणाले, नाही. कुणीच कधी पाहिलेलं नाही. बायका रोज टोपल्या भरून आणत होत्या, एवढीच माहिती.

"आल्झो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. "मग काही सांगता येणार नाही. कशाशी तुलना करणार?"

"पण त्यांनी करायचं काय?"

"थांबायचं," ते म्हणाले. "चिखल उकरला तर तेल आणखी खोल जातं. साबण टाकला तर ते आणखी पसरतं. भरती-ओहोटीला काम करू द्यायचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाईट वाटतं. मी इतकी वर्षं हे करतोय. प्रत्येक ठिकाणी आम्ही नंतरच पोचतो."

त्यांनी ओळखीच्या दोन-तीन जणांना त्याच दिवशी लिहिलं. मीही मुंबईच्या माझ्या जुन्या कॉलेजातल्या बाईंना ईमेल केली, निदान नमुने तरी गोळा करा म्हणून. बाईंनी मनावर घेतलं, दोन विद्यार्थी पाठवले. मुलं गावात आली, मावशीनेच त्यांना चिखलात नेलं, जेवू घातलं. त्यांनी पाणी आणि शिवल्या बाटल्यांमध्ये भरून नेल्या. पुढे त्या बाटल्या कॉलेजात कपाटात राहिल्या. तपासायला लागणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं आणि ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. त्या मी जर्मनीत मागवून घ्याव्या म्हटलं तर परवानग्यांचं असं जंजाळ निघालं की आमच्या संस्थेतल्या आयातीचं काम बघणाऱ्या बाईंनी शेवटी हळूच सांगितलं, हे या वर्षात होणार नाही.

दरम्यान मावशीने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट सुरू केली होती. खाण्याआधी शिवल्या पाण्यात ठेवून वाळू सोडायला लावतातच. तिने चिखलावर आलेल्यांतल्या अजून जिवंत, मिटणाऱ्या शिवल्या निवडून घमेल्यात घातल्या आणि खाडीच्या दुसऱ्या फाट्यातून, जिथे तेल पोचलं नव्हतं तिथून, कळशीने पाणी आणून रोज बदलायला लागली.

"धुऊन काढते त्यांना," तिने फोनवर सांगितलं. "तेल सोडतील हळूहळू."

त्याच आठवड्यात मी माझ्या तेलातल्या शिवल्या स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत हलवल्या होत्या. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. आपण करतोय ते बरोबर आहे असं तिला वाटलं असावं. त्यानंतर आमचे फोन वाढले. आधी ख्यालीखुशाली विचारायची ती आता फोन उचलल्याबरोबर विचारायची, "तुझ्या कशा हायत?"

"जिवंत आहेत. तुझ्या?"

"आज चार गेल्या. बाकीच्या तोंड मिटतात अजून."

एका बाजूला पाणी बर्फाला टेकलेलं, यंत्राने गाळलेलं, तापमान दिवसरात्र नोंदलं जातंय. दुसऱ्या बाजूला पडवीतलं घमेलं, वर ओलं गोणपाट टाकलेलं, कारण ऊन वाढत चाललं होतं. मी थंड खोलीत टोपी घालून टाक्यांवर वाकायचे आणि मला ते गोणपाट दिसायचं. मी तिला कधी सांगितलं नाही की उन्हाळ्यात घमेल्यात शिवली तशीही फार टिकत नाही, तेल असो वा नसो. तिलाही ते माझ्याइतकंच माहीत होतं.

एप्रिलमध्ये तिच्या शेवटच्या शिवल्या गेल्या. तिने रिंगसुद्धा दिली नाही, मीच फोन केला तेव्हा कळलं.

"खड्डा करून पुरल्या," ती म्हणाली. "कुत्री खातील म्हणून."

मी म्हणाले, "मावशी, तू पुष्कळ केलंस."

"मी कुठं काय केलं. पाणी बदललं." मग म्हणाली, "खायची माझी अडचण नाय गो. पुतण्या देतो, रेशन हाय. पण सकाळी ओहोटी लागली की मला जाग येते. मग उठून जाऊ कुठं?"

 मी पलंगावर बसले होते, खाली रस्त्यावर एकही गाडी नव्हती, वारा तेवढा खिडकी हलवत होता. मी म्हणाले, "माझ्या अजून आहेत. त्यांचं बघू काय होतं."

आता हे मला चमत्कारिक वाटतं. पण त्या महिन्यांत मी खरोखर अशी वागत होते की माझ्या टाकीतल्या शिवल्या बऱ्या झाल्या तर खाडीचंही काही बरं होईल. काप तपासताना कुठला काप कुठल्या टाकीतला हे तपासणाऱ्याला माहीत नसावं लागतं, नाहीतर नजर हवं ते बघते. म्हणून काचपट्ट्यांवर नुसते आकडे लिहिलेले असत आणि त्यांची किल्ली, म्हणजे कुठला आकडा कुठल्या टाकीचा ती यादी, प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याकडे. मी एकेक काच सरकवत जायचे. भिंत जाड दिसली की वाटायचं, ही स्वच्छ पाण्यात हलवलेल्यांपैकी असू दे. झिजलेली दिसली की वाटायचं, ही तेलातलीच असेल. मग स्वतःला बजावायचे आणि नुसतं जे दिसतं ते लिहायचे. उन्हाळा सगळा त्यात गेला. बाहेर बांधावर लोक चटया टाकून ऊन खात पडलेले असत.

किल्ली उघडली त्या दिवशी डॉक्टरफाटर, मी आणि तो सहकारी एकाच पडद्यापाशी बसलो होतो. स्वच्छ पाण्यात हलवलेल्या शिवल्या आणि तेलातच ठेवलेल्या शिवल्या यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेल काढून घेतलं होतं, त्या जिवंत होत्या, खात होत्या, भोकं उघडत-मिटत होत्या, आणि आतून तशाच होत्या.

"गेनाऊ," डॉक्टरफाटर म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "थंडीत सगळंच हळू. बिघडणं हळू, सुधारणं त्याहून हळू. हे स्वच्छ उत्तर आहे." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा प्रबंध झाला."

सहकाऱ्याने केक आणला होता. मी खाल्ला. संध्याकाळी नवऱ्याला फोन केला तर त्याने विचारलं, "म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

"प्रबंधासाठी चांगलं."

तो म्हणाला, "मी येऊ का तिकडे?" बुधवार होता. मी नको म्हणाले. तो आला. एवढा प्रवास करून एक रात्र राहिला आणि पहाटेच्या गाडीने परत गेला. आम्ही फार बोललो नाही. त्याने खिचडी केली आणि माझी सायकल दुरुस्त केली.

मावशीला सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. मग एका शनिवारी फोन लावला. मी तयारी करून बसले होते. सांगितलं की माझ्या बऱ्या झालेल्या नाहीत, पण माझ्या बर्फातल्या, त्यांचं सगळं सावकाश चालतं. आपलं पाणी उबदार, तिथे कदाचित लवकर सुधारणा होईल. पावसाळ्यात खाडी धुऊन निघेल. नवी पिल्लं बाहेरच्या समुद्रातून आत येतील. मात्र चिखलात किती तेल उरलंय त्यावर ते अवलंबून आहे. मी बोलतच राहिले. पलीकडे ती गप्प होती, मला वाटलं लाइन तुटली.

"मावशी?"

"हाय. ऐकते." मग म्हणाली, "म्हंजे तुला माहीत नाय."

"नाही."

"मग तसं सांग ना बाय," ती म्हणाली. रागाने नाही, जरा दमल्यासारखी. "मी काय तुला बोल लावते?"

पुढच्या हिवाळ्यात मी घरी गेले. खाडी वरवर पूर्वीसारखी दिसत होती. तिवरांना नवी पानं होती, खोडांवरचा काळा पट्टा तसाच होता. मावशी हायवेवरच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला जायला लागली होती. रिक्षा येऊन तिला आणि आणखी दोघींना घेऊन जाई. मी ओहोटीला एकटीच चिखलात उतरले. पाय ठेवला की घोट्याशी पाणी साचायचं आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग यायचा. बराच वेळ उकरल्यावर मला नखाएवढ्या काही शिवल्या मिळाल्या. त्या मी मावशीला दाखवायला घेऊन आले. तिने एक उचलून उजेडात धरली, अंगठ्याने चिखल पुसला.

"या वर्षाच्या हायत," ती म्हणाली.

"चांगलं आहे ना?"

"हायत तर हायत." तिने ती परत माझ्या हातात दिली आणि पीठ मळायला गेली. रात्री मी त्या खाडीत नेऊन सोडल्या. त्या आतून कशा होत्या हे बघायला माझ्याकडे तिथे काही नव्हतं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा वसंतात झाली. खोली भरलेली होती, नवरा शेवटच्या रांगेत सूट घालून बसला होता. मी काप दाखवले, आलेख दाखवले. प्रश्नांची उत्तरं ठीक दिली. शेवटी बाहेरून आलेल्या एका परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमच्या निष्कर्षांवरून तेल सांडलेल्या भागातल्या लोकांना तुम्ही काय सल्ला द्याल?"

अशा प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं, दीर्घकालीन निरीक्षणाची गरज वगैरे. मला ते पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. डॉक्टरफाटर माझ्याकडे बघत होते, त्यांनी किंचित मान हलवली. शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही. मला विचारलं होतं एकांनी. मला सांगता आलं नाही."

 बाई म्हणाल्या, "जा," म्हणजे हो, आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी पास झाले.

तिथे पद्धत आहे की प्रयोगशाळेतले लोक नव्या डॉक्टरसाठी पुठ्ठ्याची टोपी करतात आणि तिच्यावर त्याच्या कामाच्या वस्तू चिकटवतात. माझ्या टोपीवर त्यांनी माझ्याच प्रयोगातल्या रिकाम्या शिंपा लावल्या होत्या, एक खेळण्यातलं जहाज आणि त्याखाली काळ्या रंगाचा ओघळ. मेहनत घेतली होती त्यांनी, कित्येक संध्याकाळी बसून केली असणार. मी ती घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी हसले. फोटोत चांगली दिसते आहे मी.

दुपारी आम्ही दोघं बांधावर गेलो. वारा होता म्हणून टोपी नवऱ्याने काखेत धरली होती. मी मावशीला फोन लावला आणि पास झाल्याचं सांगितलं. तिला फार आनंद झाला, खानावळीतल्या बायकांना तिने तिथूनच ओरडून सांगितलं. मग म्हणाली की गावातल्या पोरी परत चिखलात जायला लागल्या आहेत. अर्धी टोपली मिळते. पनवेलच्या बाजारात नेऊन विकतात.

"खातात पण?" मी विचारलं.

"खातात. माझ्याकडं पण घेऊन आल्या व्हत्या. तू व्हतीस नाय म्हणून मी त्यांना सांगितलं, भाचीला इचारते." मग तिने विचारलं, "काय सांगू?"

समोर ओहोटी होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, तो टोपीवरची सुटत आलेली शिंप दाबून बसवायचा प्रयत्न करत होता.

मी म्हणाले, "मला खरंच सांगता येत नाही, मावशी."

"बरं," ती म्हणाली. "तसंच सांगते."